सात लाखांत पहिली गाडी: नवी छोटी घ्यावी की जुनी मोठी?

तुम्ही साताऱ्यात राहता, रोजचं जाणं-येणं तीस किलोमीटर, घरात आई-वडील आणि एक लहान मूल. दोन लाख रोख आहेत, पाच लाख कर्ज काढणार. त्यात नवी वॅगनआर किंवा टियागो घ्यावी, की २०१६-१७ ची डिझेल एसयूव्ही, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत नव्या छोट्या गाडीला. मीही साताऱ्याचाच. नऊ वर्षं एकच पेट्रोल वॅगनआर वापरतोय आणि पहिल्या दिवसापासून तिचा खर्च वहीत लिहीत आलोय, म्हणून त्या वहीवरूनच सांगतो.

गाडी २०१६ साली ऑन रोड सव्वापाच लाखांना पडली. आजवर ९६ हजार किलोमीटर चालली. पेट्रोलला गेले ५ लाख २० हजार. इन्शुरन्स १ लाख ५ हजार, सर्व्हिसिंग १ लाख १५ हजार, दोनदा टायर आणि दोनदा बॅटरी मिळून ३८ हजार. क्लचप्लेट, सस्पेन्शनचे बुश, एसीचा गॅस आणि एका पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग यांचे ४५ हजार. गाडीची किंमत सोडून बेरीज सव्वाआठ लाखांच्या जवळ. पेट्रोल वगळलं तरी महिन्याला सरासरी २,८०० रुपये होतात. शोरूममध्ये तुम्हाला हप्ता सांगतील, हा आकडा कोणी सांगणार नाही. तो आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात हप्ता बसवा.

हप्ता कमी दिसावा म्हणून सात वर्षांचं कर्ज गळ्यात मारतात. पाच लाखांवर ९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता सुमारे ८,०५० येतो आणि एकूण व्याज पावणेदोन लाखांच्या वर जातं. पाच वर्षांना हप्ता १०,३८० होतो, व्याज सव्वा लाखाच्या आत राहतं. झेपत असेल तर पाचच वर्षं.

आता जुन्या मोठ्या गाडीबद्दल. माझ्या मेव्हण्याने आठ वर्षांची डिझेल गाडी साडेपाच लाखांना घेतली. दिसायला देखणी होती, पिकअप जबरदस्त. दीड वर्षात टर्बो गेला, मग क्लच आणि फ्लायव्हील, मग इंजेक्टर. ती गाडी नवी असताना पंधरा लाखांची होती. जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. मेव्हण्याला पार्ट पंधरा लाखांच्या गाडीचेच घ्यावे लागले आणि दर वेळी पुण्याहून मागवावे लागले. माझ्या गाडीचा क्लच पोवई नाक्याजवळच्या मेकॅनिकने सकाळी उघडला आणि संध्याकाळी चावी हातात दिली. आई-वडिलांना दवाखान्यात न्यायची गाडी चार-चार दिवस गॅरेजमध्ये पडून राहणं परवडत नाही.

तरीही जुनीच घ्यायची झाली, तर अशीच छोटी पेट्रोल घ्या. तुमच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, सर्व्हिस रेकॉर्ड बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून नव्या गाडीचं गणित आणखी सोपं झालंय. वॅगनआर की टियागो, हे मात्र तुमच्या घरच्यांवर ठरेल. वॅगनआरची सीट उंच आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात, पण तिला वाकावं लागत नाही, सीटवर टेकते आणि पाय आत घेते. हे सुख ब्रोशरमध्ये कळत नाही. पण एक गोष्ट लपवणार नाही. गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगनआरला पाचपैकी एकच स्टार मिळाला, टियागोला २०२० मध्ये चार मिळाले होते. त्यानंतर वॅगनआरमध्ये सहा एअरबॅग आल्या, तरी गाडीचा सांगाडा तोच आहे. महिन्यातून दोनदा हायवेने पुण्याला जाणार असाल, तर मी तुम्हाला टियागोच सांगेन. गावातल्या गावात वापर असेल, तर वॅगनआर. पण १.२ लिटर इंजिनचीच. माझी एक लिटरची आहे. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात चार माणसं आणि एसी असला की दुसऱ्या गिअरवर यावं लागतं.

सीएनजीसाठी सुमारे लाखभर जास्त जातात. माझ्या हिशोबाने ते वसूल व्हायला चाळीस हजार किलोमीटर लागतात, म्हणजे तुमच्या वापराने चार वर्षं. शिवाय डिकी सिलिंडरने भरते. वडिलांची व्हीलचेअर न्यावी लागते असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा पेट्रोलच घ्या. टियागोच्या सीएनजीत दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेले असतात, तिथे थोडी जागा उरते, पण व्हीलचेअर बसते का ते प्रत्यक्ष ठेवूनच बघा.

इन्शुरन्समध्ये पहिली पाच वर्षं झिरो डेप (म्हणजे पार्टवर घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्ट घ्या. प्लास्टिकच्या पार्टवर साध्या पॉलिसीत निम्मेच पैसे मिळतात, बंपर फुटला की ते कळतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन गेलं, तर इंजिन प्रोटेक्टशिवाय बहुधा काहीच मिळत नाही. अशी गाडी पाण्यात कधीच स्टार्ट करू नका, ढकलून बाहेर काढा. आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. लॉकडाऊनमध्ये माझे मागचे ब्रेक असेच चिकटले होते.

रविवारी आई-वडिलांना आणि व्हीलचेअरला घेऊनच टेस्ट ड्राइव्हला जा. शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतील, तुम्ही यवतेश्वरचा घाट मागा. वर पोचल्यावर आईला दोनदा उतरायला आणि बसायला सांगा.