अर्थशास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग मुलीला अर्थशास्त्र का शिकवू?

प्रश्न : सोलापूरच्या मार्केट यार्डात माझी कांद्याची अडत आहे. मुलगी यंदा अकरावी कॉमर्सला गेली. सीए नको, अर्थशास्त्रच करायचं म्हणते. मी मोबाईलवर ऐकतो तर एक अर्थतज्ज्ञ सांगतो, मंदीत सरकारने मोकळ्या हाताने खर्च करावा; दुसरा सांगतो, सरकारने बाजारात लुडबूडच करू नये. जाणत्यांचंच जमत नाही त्या विषयात पोरीने काय शिकायचं? तिचे आजोबा मात्र तिच्या बाजूचे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली होती. शिवाय गणित घ्यावं की एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), तेही सांगा. – एक पालक, सोलापूर

उत्तर :
नमस्कार. पहिलं सांगतो, गणित घ्या. फॉर्म भरून एस.पी. घेतलं असेल, तर उद्याच कॉलेजात जाऊन बदलता येतं का विचारा. का, ते पुढे येईलच.

तुम्ही ज्या वादाला वैतागलात, त्याच्या दोन्ही बाजू तुमच्या घरातच आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळल्यावर हिशोबपट्टी हातात घेऊन उभा राहिलेला शेतकरी तुमच्या गाळ्यावर तुम्ही पाहिला असेल. सरकार शेतमालाचे भाव पाडतं, बाजार मोकळा करा, हे शेतकरी संघटनेचे शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले. ही तुमची बाजू. आणि आजोबांची? शेतात काम नाही, हातात पैसा नाही. सरकारने काम काढलं म्हणून चूल पेटली. पुढे वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. शहरातल्या पगारदारांचा व्यवसाय कर त्याच कामासाठी लावलेला. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि कुठलं कधी लागू पडतं हे शोधणं हेच या विषयातलं काम.

मंदीत सरकारने खर्च करावा, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६ मध्ये मांडलं ते महामंदी पाहून. १९३३ मध्ये अमेरिकेत चार कामगारांमागे एक बेकार होता. गिरण्या आहेत, हात आहेत, गिऱ्हाईक नाही. अशा वेळी सरकारनेच खर्च करावा. पुढे मोकळ्या बाजाराचा पुरस्कर्ता अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमनने अॅना श्वार्ट्झ यांच्यासोबत जुने आकडे उकरून दाखवलं, की त्या काळात अमेरिकेतला पैशाचा साठा सुमारे एक तृतीयांशाने आटला होता आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेने (आपल्याकडे रिझर्व्ह बँक, तशी) तो आटू दिला. म्हणजे दोष बाजाराचा कमी, सरकारी यंत्रणेचा जास्त. १९७० च्या दशकात महागाई आणि बेकारी एकदमच वाढली, तेव्हा केन्सच्या अनुयायांना फ्रीडमनचं बरंच मान्य करावं लागलं. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात मात्र सरकारी खर्चही पुन्हा आला आणि मध्यवर्ती बँकांनी पैसाही आटू दिला नाही. म्हणजे वाद नुसता गोल फिरत नाही, पुढे सरकतो.

आज खरा तंटा आहे तो आकड्याचा. सरकारने एक रुपया जास्त खर्चला तर एकूण उत्पन्न किती वाढतं? बाजार थंड असेल तर बरंच, कारखाने आधीच पूर्ण क्षमतेने चालत असतील तर थोडं. कारण तेव्हा सरकारच्या कर्जाने व्याज वाढतं आणि खासगी उद्योजकाला कर्ज महाग पडतं. हे मोजायला संख्याशास्त्र लागतं, म्हणून गणित. आजोबांच्या दुष्काळाला केन्सचं औषध जसंच्या तसं लागू होतं का, हेही मुलीला विचारा. मंदीत माल पडून असतो, दुष्काळात धान्यच कमी असतं. हा फरक तिला स्वतःला सुचला, तर तिची निवड बरोबर आहे असं मी मानेन.

आपल्या माणसाने यात मागे राहायचं कारण नाही. रुपयाच्या व्यवस्थेवर केन्सचं जे मत होतं, त्याच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये आकड्यांसह मांडणी केली. केन्स तेव्हाच मोठं नाव होतं. नुसत्या श्रद्धेने कुणाचा झेंडा घ्यायचा नाही, हे तिला तिथून शिकू द्या.

आता नोकरीचं. नुसत्या बी.ए. वर हाती फारसं लागत नाही, एम.ए. किंवा एम.एस्सी. धरूनच चाला. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचं गणित लागतंच. पुण्याची गोखले संस्था जवळची. पदव्युत्तरला गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था उत्तम. पदवी सोलापुरात करूनही तिथे जाता येतं, फक्त गणित आणि संख्याशास्त्र सोडू नये. पुढे यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा, रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग, बँका, प्राध्यापकी. सीएइतका ठरलेला रस्ता नाही, वेळ जास्त लागतो, हे घरात आधीच मान्य करा.

या सुट्टीत तिला एक काम द्या. निर्यातबंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांची तुमच्या वहीतली कांद्याची रोजची आवक आणि भाव तिने उतरवून काढावेत. भाव किती बंदीने पडला आणि किती नव्या मालाची आवक वाढल्याने, हे तिने वेगळं करून पाहावं. त्यात ती आठवडाभर रमली, तर सीएचा आग्रह सोडा. दोन दिवसांत कंटाळली, तर मला पुन्हा लिहा, कॉमर्समधले बाकीचे रस्ते पाहू.