कोहिमाला निघण्याआधी पदकाची कड वाचा

"नंबर आणा, मग बघू." तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण हेच उत्तर आमच्याही घराला मिळालं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांचे थोरले भाऊ १९४४ साली नागालँडमधल्या कोहिमाला जपान्यांविरुद्धच्या लढाईत मारले गेले, घरात एक पदक आहे, त्यांची माहिती विचारली तर सैनिक क्रमांक नाही म्हणून सरकारी कार्यालयानं परत पाठवलं, आणि आता डिसेंबरात सोलापूरहून कोहिमाचं युद्ध संग्रहालय बघायला निघायचंय. तिकिटं-हॉटेलं तुम्ही बघालच. मी नावाबद्दल लिहितो. घरच्या माणसाचं नाव आणि पलटण हाती नसताना गेलात, तर काचेमागच्या बंदुका बघून परत याल.

ज्या कार्यालयात आम्ही खेटे घातले, तिथल्या कोणीही एक साधी गोष्ट सांगितली नाही: तो क्रमांक बहुतेक वेळा घरातल्या पदकावरच असतो. याचा मला आजही संताप येतो. अशा हेलपाट्यांत वर्षं जातात आणि ज्या आत्याबाईंना नाव-गाव-पलटण तोंडपाठ असतं, त्या तोवर राहत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौजेला दिलेल्या पदकांवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. गोल पदक असेल तर त्याच्या कडेवर. बर्मा स्टारसारखा सहा टोकांचा तारा असेल तर मागच्या बाजूला. खोली अंधारी करा, मोबाईलचा टॉर्च पदकाच्या जवळजवळ समांतर धरा आणि पदक हळूहळू फिरवा. समोरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही, तिरक्या उजेडात अक्षरांच्या सावल्या उठतात. आणि कृपा करून चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. ठसा उथळ असतो, घासला की गेला. (पदक नंतर बदलून घेतलेलं असेल तर कड कोरीही निघू शकते, एवढं धरून चाला.)

क्रमांक मिळो न मिळो, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोध घ्या. पैसे लागत नाहीत. बहुतेकांचं घोडं स्पेलिंगवर अडतं. त्या नोंदींत मराठा पलटण आजच्या स्पेलिंगनं नाही, 'एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए' अशी आहे, आणि सोलापूर आहे 'एस-एच-ओ'नं सुरू होणारं जुनं 'शोलापूर'. आडनावानं सापडलं नाही तर नुसतं पहिलं नाव टाका. बऱ्याच शिपायांची नोंद आडनावाशिवायच झालीय. तरीही नाही, तर नाव रिकामं सोडा, अतिरिक्त माहितीच्या रकान्यात जुन्या स्पेलिंगचं शोलापूर लिहा आणि तारीख मार्च ते जुलै १९४४ ठेवा. त्या रकान्यात वडिलांचं, गावाचं आणि जिल्ह्याचं नाव अनेकदा असतं. गाव अक्कलकोटकडचं असेल तर जिल्ह्यावर विसंबू नका, अक्कलकोट तेव्हा वेगळं संस्थान होतं. युद्धाला गेलेल्या गावकऱ्यांची चावडीवरची संगमरवरी पाटीही नीट वाचा. आपल्याकडच्या अशा बहुतेक पाट्या १९१४ ते १९१९ च्या, म्हणजे आधीच्या महायुद्धाच्या असतात.

आता थोडं परखड. 'कोहिमाला गेले' म्हणजे कोहिमाच्या टेकडीवरच लढले, असं गृहीत धरू नका. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला लढली. तिथं जपानी ३१ व्या डिव्हिजनचा काही भाग अडकून पडला आणि कोहिमाला तयारीसाठी मोलाचे दिवस मिळाले. घरात सांगताना सांगशाकचं कोहिमा होणं अगदी स्वाभाविक आहे. दुसरी शक्यता, ते पायदळात नसतीलच. कोहिमाच्या ज्या टेकड्यांसाठी एवढं रक्त सांडलं त्यांची नावं बघा: एफएसडी म्हणजे रसदीचा डेपो, डीआयएस म्हणजे रोजच्या शिध्याचं कोठार, जीपीटी म्हणजे वाहतूक. शोधात 'रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर' आणि 'पायोनियर कोअर' ही नावंही घाला. ट्रक चालवणारा किंवा पोती वाहणारा माणूस कमी प्रतीचा सैनिक नव्हता. कोहिमाला पडलेल्या जपानी वेढ्यात तोही तितकाच सापडला होता.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव बघा, मगच बेत पक्का करा. 'कोहिमा क्रिमेशन मेमोरियल' असेल तर नीट ऐका, कारण सर्वांत जास्त चुकतं ते इथं. कोहिमा वॉर सेमेटरी, म्हणजे युद्धातल्या सैनिकांचं दफनस्थान, उताराची आहे. खाली ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनचा तो प्रसिद्ध ओळींचा दगड आहे, तिथं फोटो काढून बहुतेक लोक माघारी फिरतात. ज्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांवर अग्निसंस्कार झाले, त्यांचं स्मारक सर्वांत वर आहे. चढून जा. वाटेत पांढऱ्या रेषांनी आखलेलं टेनिस कोर्ट लागेल. एप्रिल-मे १९४४ मध्ये दोन्ही फौजा त्याच्या दोन टोकांना होत्या. 'रंगून मेमोरियल' लिहिलेलं असेल तर देह सापडला नाही असा अर्थ, आणि ते नाव म्यानमारमध्ये तौक्क्यानला आहे. इंफाळ असेल तर मणिपूरची परिस्थिती बघूनच ठरवा.

संग्रहालय शहरात नाही. ते किसामाच्या हेरिटेज व्हिलेजमध्ये, इंफाळ रस्त्यावर दहा-बारा किलोमीटरवर आहे. माझं ठाम मत: आधी सेमेटरी आणि टेकड्या पायी फिरा, मग तिथं जा. उलट केलंत तर नकाशावरची अंतरं डोक्यात बसत नाहीत. एवढीशी जागा इतके आठवडे लढवली, हे पायानंच कळतं. १ ते १० डिसेंबर त्याच आवारात हॉर्नबिल महोत्सव असतो. टॅक्सी, खोल्या, रस्ता, सगळंच तुंबतं. संग्रहालय निवांत बघायचं असेल तर १२ तारखेनंतर जा. रविवारी कोहिमा बंद असतं. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी लवकर निघा. उघडण्याच्या वेळा बदलतात, आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून घ्या. इनर लाइन परमिट, म्हणजे नागालँडमध्ये शिरायचा परवाना, घरूनच ऑनलाइन काढा आणि छापील प्रत जवळ ठेवा. आता दिमापूरलाही लागतं. सोबत वयस्कर शाकाहारी मंडळी असतील तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्याच.

क्रमांक हाती आला की कार्यालयात तोंडी विचारायला जाऊ नका. लेखी अर्ज द्या, पदकाचे फोटो जोडा, आवक क्रमांकासह पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात विचारा.

पदकाच्या कडेचे फोटो इथं टाकलेत तर अक्षरं लावायला मी मदत करेन. एका फोटोत पूर्ण ओळ येणार नाही, पदक थोडं थोडं फिरवून चार-पाच काढा.