वाचकांचे प्रश्न : जुन्या फ्रेम, नवे स्टॅकिंग सॉफ्टवेअर

प्रश्न : गेली तीन वर्षे मी आकाशाची छायाचित्रे ‘डीपस्कायस्टॅकर’ या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करतो, म्हणजे एकाच दृश्याच्या अनेक फ्रेम जुळवून त्यांचे एक चित्र बनवतो. जानेवारीत भंडारदऱ्याजवळ ट्रॅकरवर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, कॅमेरा लावून मृगातील तेजोमेघाच्या, म्हणजे एम ४२च्या, प्रत्येकी ६० सेकंदांच्या ६४ फ्रेम घेतल्या. त्याच फ्रेम आता ‘सिरिल’ या दुसऱ्या स्टॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये घातल्या, तर पडद्यावर जवळजवळ काळे चित्र आले आणि उजळल्यावर ते हिरवट दिसले. माझे काही चुकले का? दोन सॉफ्टवेअरची तुलना नेमकी कशी करावी?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. स्टॅकिंगनंतर हाती येते ते रेषीय चित्र असते. म्हणजे सेन्सरवर जितका प्रकाश पडला त्याच प्रमाणात त्यातले आकडे असतात, आणि तेजोमेघाचा बहुतेक भाग त्या मोजपट्टीच्या अगदी तळाशी दडलेला असतो. सिरिलच्या खिडकीत खाली ‘ऑटोस्ट्रेच’ हा पर्याय आहे. तो निवडल्यास मूळ आकडे तसेच राहतात, फक्त ते आपल्याला दिसू लागतात. हिरवट छटेचे कारण कॅमेऱ्यात आहे : सेन्सरवरील दर चार पिक्सेलांपैकी दोन हिरव्या गाळणीखाली असतात. आधी पार्श्वभूमीवरील प्रकाशाचा उतार, म्हणजे एका कडेकडून दुसरीकडे बदलत जाणारा उजेड, काढून टाकावा, मग चित्रातील ताऱ्यांची जागा सॉफ्टवेअरला ओळखू द्यावी आणि त्यानंतर रंगमापन करावे. त्यात गाया अंतराळ दुर्बिणीच्या तारासूचीतील नोंदींशी आपले तारे ताडून पाहिले जातात, त्यामुळे रंग अंदाजाने ठरवावे लागत नाहीत. घाईने हाताने हिरवा रंग कमी करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता तुलनेविषयी. दोन्हीकडे तेच ६४ लाइट (आकाशाच्या मूळ फ्रेम), तेच डार्क (झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या), फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) आणि बायस (झाकण लावून कमीत कमी वेळाच्या) द्यावेत. डीपस्कायस्टॅकरमध्ये सर्वोत्तम ठरावीक टक्के फ्रेमच घेण्याची सोय आहे. ती चालू असेल आणि सिरिलची तयार स्क्रिप्ट, म्हणजे सर्व टप्पे आपोआप पार पाडणारी आज्ञांची यादी, सगळ्या फ्रेम घेत असेल, तर आपण ५१ फ्रेमची तुलना ६४ फ्रेमशी करत बसाल आणि दोष किंवा श्रेय मात्र सॉफ्टवेअरला द्याल. शिवाय दोन्ही निकाल ३२ बिटमध्ये जतन करून एकाच प्रोग्रॅममध्ये, सारखेच उजळून शेजारी शेजारी पाहावेत. मग चित्र ३०० टक्के मोठे करून तीन जागा तपासाव्यात : कोपऱ्यातले तारे गोल आहेत की लांबट, एखाद्या फ्रेममधून उपग्रह गेला असेल तर त्याची रेघ पूर्ण पुसली गेली आहे का, आणि सेन्सरवरील धुळीच्या कणाने उमटलेले वड्यासारखे कडे उरले आहे का. रेघ उरली असेल, तर विसंगत पिक्सेल वगळण्याच्या मर्यादा, म्हणजे सिग्माची मूल्ये, थोडी कडक करावीत. कडे उरले असेल तर मात्र फ्लॅट पुन्हा घ्यावे लागतील, कारण ते लाइट फ्रेमच्याच फोकसवर आणि कॅमेरा न फिरवता घेतलेले असावे लागतात. ही उणीव कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही.

गोंगाटाचेही, म्हणजे चित्रातील दाणेदारपणाचेही, तसेच आहे. तो फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो : ६४ फ्रेमनी तो एका फ्रेमच्या तुलनेत एक अष्टमांश होतो, आणि त्याच्याही निम्म्यावर आणायचा तर २५६ फ्रेम लागतात. हे गणित दोन्ही सॉफ्टवेअरना सारखेच लागू असल्यामुळे, फ्रेम नीट घेतलेल्या असतील तर दोन्ही निकालांत आपल्याला फार थोडा फरक दिसेल. तरीही सिरिल शिकून घ्यावे असे माझे मत आहे, कारण रंगमापन, पार्श्वभूमी सुधारणे आणि चित्र उजळणे ही पुढची कामे त्यातच होतात, ते विनामूल्य आहे आणि विंडोजखेरीज मॅक व लिनक्सवरही चालते.

एक व्यावहारिक सूचना : डिस्कवर भरपूर जागा ठेवावी. २४ मेगापिक्सेलची एक फ्रेम तीन रंगांत आणि ३२ बिटमध्ये उलगडली की २८८ मेगाबाइट होते. आपल्या ६४ फ्रेम एका टप्प्यात सुमारे १८ गीगाबाइट घेतील, आणि जुळवलेल्या फ्रेमचा संच पुन्हा तेवढाच असेल.

प्रश्न : त्याच चित्रात तेजोमेघाचा गाभा दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये पांढराफटक येतो. तो कसा वाचवावा?

उत्तर : ६० सेकंदांत तिथले पिक्सेल काठोकाठ भरले आहेत, आणि भरलेल्या ६४ पिक्सेलांची सरासरीही भरलेलीच येते. पुढच्या हिवाळ्यात ६० सेकंदांच्या फ्रेम घ्याल त्याच रात्री, त्याच फोकसवर ५ सेकंदांच्या २० ते ३० फ्रेम जास्तीच्या घ्याव्यात. त्यांचा स्टॅक वेगळा करून, मोठ्या स्टॅकशी जुळवून, फक्त गाभ्याच्या जागी हलक्या मुखवट्याने (मास्कने, म्हणजे बाकीचा भाग झाकून) मिसळावा. तिथले ट्रॅपेझियमचे चार तारे सुटे दिसू लागले, म्हणजे एक्स्पोजर योग्य झाले असे समजावे.