नातवाचं पहिलं बोरन्हाण

प्रश्न: नातवाचं पहिलं बोरन्हाण आहे, हलव्याचे दागिने मला स्वतःच करायचेत. आणि माझ्या तिळाच्या वड्या दरवेळी दगडासारख्या होतात, काय चुकतं?

उत्तर: ताई, दागिने नक्की घरीच करा! हलवा विकतचा चालेल, पण जाड पुठ्ठ्यावर काळं कापड लावून मुकुट कापा, पुढे पेन्सिलीने नातवाचं नाव लिहा आणि त्या रेघेवर डिंकाने एकेक दाणा चिकटवत जा, पांढरा हलवा काळ्यावर इतका उठून दिसतो ना! आतून मऊ अस्तर लावाच, काटेरी हलवा बाळाला टोचतो. आणि चिकटवलेले दाणे तोंडात जाऊ देऊ नका हं, फोटो झाले की लगेच काढा.

वड्यांना चिक्कीचा गूळ वापरत असाल तर तिथेच गडबड आहे, साधा गूळ घ्या. 1 वाटी भाजलेले तीळ, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, चमचाभर तूप. पाकाचा थेंब पाण्यात टाकून मऊ गोळी वळली की गॅस बंद, एक मिनिटही जास्त नाही, तीळ-कूट घालून गरम असतानाच थापा आणि वड्या पाडा. बाळाला मात्र वडी देऊ नका, घशात अडकते.