नवा हेडफोन पहिल्या दिवशी फिका का वाटतो?

वाचक विचारतात

प्रश्न : नमस्कार. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून शेवटी सेनहायझरचा एचडी ६०० घेतला. रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलला लावला, भीमसेनजींची एक जुनी मैफल लावली आणि खरं सांगतो, पोटात गोळाच आला. आवाज बारीक, बास गायब, सगळं कसं लांबून आल्यासारखं. माझा दोन हजाराचा ब्लूटूथवाला याच्यापेक्षा दणदणीत वाजतो हो. बायको म्हणते, परत करून टाका. फसलो का मी? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फसला नाहीत, जोडी चुकली. हा हेडफोन १९९७ सालचा, तेव्हा तो मोबाईलला लावायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. याचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, ३०० ओहम, आणि एक व्होल्ट दिला की साधारण ९७ डेसिबल आवाज निघतो. आता फोनचा जॅक काय किंवा साधा टाइप-सी डोंगल काय, अर्धा ते एक व्होल्ट देणार. हल्लीची गाणी मास्टरिंगलाच, म्हणजे रेकॉर्डिंगच्या शेवटच्या टप्प्यातच, ठासून मोठी केलेली असतात म्हणून ती चालून जातात, पण जुन्या मैफलीत आलापी एकदम हळू असते, तिथे व्होल्युम फुल्ल करूनही हाती काही लागत नाही. दोन व्होल्ट देणारा बरा डोंगल नाहीतर छोटा डॅक-अँप (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून तो वाढवणारी डबी) बघा, व्होल्टेज दुप्पट झालं की सरळ ६ डेसिबल वाढतात. लाखाचा अँप कोणी गळ्यात मारायला लागलं तर तिथून उठून या.

बासचं म्हणाल तर अर्धी गोष्ट इथेच मिटेल, कारण आवाज कमी असला की आपला कान सगळ्यात आधी खालचे सूर सोडतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय. उरलेली अर्धी मिटणार नाही. हा ओपन-बॅक आहे, म्हणजे कानामागची बाजू उघडी, अगदी तळाचा बास याच्यात खरंच कमी, आणि तुमच्या ब्लूटूथवाल्यात तो मुद्दाम वाढवून दिलेला. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला वेगळं काय सांगू, तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला पहिल्या घासाला वरणभात अळणीच लागतो!

तर असं करा, आठ दिवस दुसरं काही कानाला लावू नका, आणि तीच मैफल पुन्हा ऐका, पण गाणं सोडून आधी तानपुऱ्याकडे लक्ष द्या. साध्या हेडफोनवर मागे नुसती एक घूं चाललेली असते. इथे खर्जाची तार वेगळी काढता येते, आणि तार छेडल्यावर जवारीची ती झणझण लगेच येत नाही, जरा मागून उमलत येते आणि पुढच्या तारेत मिसळते, ते ऐकू येतं का बघा. मग तबला. चाटेवर, म्हणजे काठावर, बोट पडल्याचा टक् आधी, त्याची आस, म्हणजे मागे राहणारा सूर, नंतर. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की सूर वर सरकतो, तो सरकताना कळायला पाहिजे. रेकॉर्डिंग मोनो असेल तर सगळं डोक्याच्या मधोमध बसणार, दोन्ही कानांना एकच सिग्नल जातो म्हणून, त्यात हेडफोनचा काही दोष नाही.

आठ दिवसांनी ब्लूटूथवाला पुन्हा लावा, निकाल त्या दिवशीचा धरायचा. पहिल्या रात्री जे वाटतं ते बरंचसं जुन्या सवयीचं असतं. आणि दोन्ही एकाच आवाजावर ऐका हं, मी स्वतः यात गंडलोय. एका दुकानात महागडा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि त्या पोराने हळूच नॉब वर सरकवला, मी आपला वाहवा वाहवा करत कार्ड काढलं. घरी आल्यावर सारख्या आवाजावर लावून बघितलं तर माझ्या जुन्यात आणि त्याच्यात उन्नीस-बीस. एखाद्या डेसिबलचा फरक बऱ्याचदा आवाज म्हणून कळतही नाही, नुसतं 'हे जास्त क्लिअर आहे' असं वाटतं.

बायकोला एवढं सांगून ठेवा, की ओपन-बॅक म्हणजे कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येणार आणि तुमची मैफल त्यांना.

प्रश्न : दादा, दुकानदार म्हणाला शंभर तास पिंक नॉइज (नुसती खरखर) वाजवून बर्न-इन केल्याशिवाय हेडफोन खुलतच नाही. हॉस्टेलला रात्रभर लावून ठेवतो तर रूममेट शिव्या घालतो. — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : रूममेटचं बरोबर आहे, बंद कर ते. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या भागात, मोजण्याइतका बदल झाला तरी किरकोळ असतो. खरा फरक पॅडचा पडतो, ते तुझ्या डोक्याच्या आकाराला बसतात, मऊ होतात, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो. त्यासाठी हेडफोन डोक्यावर पाहिजे, टेबलावर ठेवून नॉइज वाजवून काय होणार? बाकी कानाला सवय होते, आणि परत करायची मुदत मात्र त्या शंभर तासांत निघून जाते, हे दुकानदाराने सांगितलं नसेलच.

प्रश्न : नोकरीनिमित्त टोकियोत असते. इथे एका दुकानात स्टॅक्स या जपानी कंपनीचा हेडफोन ऐकला. गायिकेचा श्वास अगदी कानाशी आला, अंगावर काटा आला हो. पण तबला लावला तर डग्गा फुसका. आणि आईला फोनवर सांगितलं की याला ५८० व्होल्ट लागतात, तर ती म्हणते हात लावू नकोस. — एक वाचक, टोकियो

उत्तर : तुम्ही तर गंगोत्रीलाच जाऊन आलात की! कंपनी १९३८ सालची, इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन १९६०चा, आणि ते लोक त्याला हेडफोन म्हणतच नाहीत, इअरस्पीकर म्हणतात. आत एक-दोन मायक्रॉन जाडीची फिल्म, दोन बाजूंना भोकं पाडलेल्या दोन प्लेट. फिल्मवर ५८० व्होल्टचा चार्ज कायम, सिग्नल प्लेटना. फिल्मला वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे हलायला आणि थांबायला वेळ लागत नाही, म्हणून तो श्वास तसा ऐकू आला. डग्ग्याचा धक्का मात्र यांच्याकडून बहुतेक वेळा हलकाच येतो, तुमचा कान बरोबर आहे. तो हवा असेल तर ऑडेझी कंपनीचा एखादा प्लेनर मॅग्नेटिक (चुंबकांनी सपाट पडदा हलवणारा) हेडफोन त्याच दुकानात मागून बघा, वजनाने मान दुखेल तेवढी सोसायची.

आईंना सांगा, व्होल्ट भरपूर पण करंट नावाला, शॉक बसायची भीती नाही. फक्त अँप उघडायचा नाही आणि वायर कुठे सोललेली असेल तर वापरायची नाही. आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा दुकानातलं जॅझ नको, किशोरीताईंचं जे रेकॉर्डिंग तुम्हाला तोंडपाठ असेल ते फोनमध्ये घेऊन जा.