नांगरणी न करता पेरलेल्या गव्हाला ओल्या रानात द्रवरूप खत द्यावं का?

आत्ता नको, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर राहील पण चिकटणार नाही इतपत सुकू द्या. तापीकाठच्या काळ्या रानात वरचा थर सुकला तरी चार बोटं खाली चिखलच असतो. माती मुठीत दाबा; हाताला चिकटली तर ट्रॅक्टर बांधावरच ठेवा. चाकाखाली दबलेली जमीन मोकळी करायला तुमच्याकडे नांगरट नाही, म्हणून हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं. शिवाय पाणी साचलेल्या रानात नत्र वायू होऊन उडतं. रानात राहिलेल्या आधीच्या मक्याच्या पाचोळ्यावर युरियाचं पाणी पडलं तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन जातं, त्यामुळे वाफशावर द्रावण ओळीलगत मातीतच सोडा.

गहू पिवळा पडत असेल तर पाठीवरच्या पंपाने १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया फवारा, भर उन्हात नको. पण ती तात्पुरती मदत. पेरणीनंतर २१ दिवसांच्या सुमाराचा खताचा हप्ता जमिनीतूनच हवा.