वाचकांचे प्रश्न: मोटरसायकलचे जादा दिवे आणि खारी हवा

जादा दिव्यांबद्दल आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: माझी गाडी दीडशे सीसीची, हेडलाइट ३५ वॅटचा हॅलोजन. बाजारात ‘६० वॅट’ लिहिलेले एलईडी फोकस मिळतात. तसे दोन लावले तर बॅटरी उतरेल का? (गुहागर)

डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. ६० वॅटचे दोन दिवे खरोखरच तेवढे असतील तर ते १२ व्होल्टला १० अँपिअर ओढतील, आणि दीडशे सीसीच्या गाडीला ते झेपणार नाही. पण स्वस्त दिव्यांवर बहुधा आतल्या चिप्सची कमाल क्षमता जोडून आलेला आकडा छापतात. खरा आकडा मल्टिमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र) सांगतो. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर बॅटरी आणि दिवा यांच्या मधे सिरीजमध्ये, म्हणजे वीज मीटरमधूनच दिव्याला जाईल असा, धरा आणि दिवा चार-पाच सेकंद पेटवा. मीटरवर १.६ अँपिअर दिसले तर दिवा २० वॅटचा, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

गाडीला किती झेपतं तेही मीटरनेच बघा. दिवे तात्पुरते बॅटरीला जोडा, इंजिन चालू करा, हेडलाइट लावा, ब्रेक दाबून ठेवा, लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात घाला आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. ॲक्सिलरेटर थोडा पिळल्यावर १३.८ ते १४.५ च्या मधे दिसले तर चार्जिंग पुरतंय. स्लोवर १२.५ च्या खाली जात असेल पण पिळल्यावर वर येत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर चालेल. बाजारात गर्दीत अडकलात की दिवे बंद करा. पिळूनही १३.२ च्या वर जात नसेल तर ते दिवे तुमच्या गाडीसाठी नाहीत.

गाडी जुनी असेल तर आणखी एक गोष्ट. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राच्या) एसीवर चालतो, बॅटरीवर नाही. स्लोवर हेडलाइट मंद होतो आणि रेस केली की उजळतो, ती गाडी बहुधा या जातीची. तिथे हेडलाइटच्या वायरवरून रिले (थोड्या विजेवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) चालवायला गेलात तर तो मधमाशीसारखा गुणगुणतो आणि दिवे लुकलुकतात. अशा गाडीत रिलेसाठी हॉर्न किंवा ब्रेकलाइटकडे येणारी, चावी फिरवल्यावर जिवंत होणारी डीसी वायर घ्या.

प्रश्न: २० वॅटचे दोन दिवे घरीच बसवायचे आहेत. सामान काय आणि जोडणी कशी, क्रमाने सांगाल का? (देवगड)

सामान: १२ व्होल्ट ३० अँपिअरचा चार पायांचा रिले आणि त्याचं सॉकेट, रबरी टोपण असलेला ब्लेड फ्यूजचा होल्डर, ५ अँपिअरचे दोन फ्यूज (एक सीटखाली जादा), दीड चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर प्रत्येकी ३ मीटर, अर्ध्या चौरस मिलिमीटरची २ मीटर, हँडलवर बसणारा वॉटरप्रूफ स्विच, बॅटरीला लावायचे दोन गोल थिंबल, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी एक मीटर, वायरीवर चढवायचा कोरुगेटेड पाइप दोन मीटर आणि काळे नायलॉन टाय वीसेक. पांढरे टाय घेऊ नका, उन्हात वर्षभरात तडकतात.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना चेसिसला टेकला तर ठिणगी उडते.

पॉझिटिव्हपासून फ्यूज होल्डर वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. त्याच्या आधीची वायर कुठे घासून चेसिसला लागली तर तिला अडवणारं काहीच नसतं आणि ती सीटखाली पेटते. फ्यूज आत्ता घालू नका.

होल्डरमधून निघालेली लाल वायर रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून निघणारी दोन्ही दिव्यांच्या पॉझिटिव्हला. दिव्यांचं निगेटिव्ह चेसिसला न लावता काळ्या वायरीने थेट बॅटरीपर्यंत आणा. चेसिसवर रंग असतो, रंगाखाली गंज असतो, आणि आपल्या हवेत आज लागलेलं अर्थिंग दिवाळीपर्यंत टिकेल याची खात्री नाही. ८५ हाही निगेटिव्हला. ८६ ला स्विचमधून येणारी बारीक वायर. काही रिलेत कॉइलला डायोड असतो. त्यात ८५ आणि ८६ ची अदलाबदल केली की फ्यूज उडतो, म्हणून हाच क्रम पाळा.

दुकानदाराने पाच पायांचा रिले दिला तर मधला ८७ए मोकळा सोडा आणि त्यावर टोपी चढवा. रिले बंद असताना तो जिवंत असतो. दिवे त्याला जोडले गेले की स्विच बंद केल्यावर पेटतात आणि चालू केल्यावर विझतात.

स्विचला वीज कुठून द्यायची? लांब फेकीचे फोकस असतील तर हेडलाइटच्या अप्परच्या वायरीवरून. डिपर मारला की तेही विझतात, वेगळं बटण शोधावं लागत नाही. धुक्याचे दिवे असतील तर चावीवर जिवंत होणाऱ्या वायरीवरून. रिलेची कॉइल साधारण ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे कुठल्याही साध्या वायरीला भार होत नाही. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस आणि फ्यूएल पंपाच्या वायरी मात्र सोडून द्या. हेडलाइट मुळातच एलईडी असेल तर अप्परची वायर साध्या बारा व्होल्टची असेलच असं नाही. मीटर लावून अप्परला १२ आणि डिपरला शून्य दिसलं तरच तिला हात लावा. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नका, त्या कनेक्टरमध्ये मधे बसणारा जोड मिळतो.

वायर टाकीखालून मूळ हार्नेसच्या कडेने न्या. मान फिरते तिथे चार बोटं ढिली सोडा, मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: वायर कुठे ताणत नाही ना, स्टॉपरमध्ये चिमटत नाही ना. वायर पहिली इथेच तुटते. सायलेन्सरच्या वाकापासून हातभर लांब राहा. रिले साइड कव्हरखाली, पाय जमिनीकडे करून लावा म्हणजे पाणी सॉकेटमध्ये साचणार नाही. दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं.

सगळं बांधून झाल्यावर आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, आणि शेवटी फ्यूज.

प्रश्न: गॅरेजमध्ये बसवलेले दिवे एका पावसाळ्यात बंद पडले. वायर कापली तर आत तांबं हिरवं झालेलं. दिवे खराब निघाले की वायर? (मालवण)

दिवे बहुधा ठीक असतील. जोड खराब आहेत.

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की आमटी कळकते, तोच कळंक हा. फरक इतकाच की इथे तो प्लास्टिकच्या आत चालतो. वायरीतल्या बारीक तारांच्या फटींतून पाणी वातीतल्या तेलासारखं आत चढतं. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि जोड जिवंत असला की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं भराभर खाल्लं जातं. टोक उघडून बघा: तारा काळ्या-हिरव्या, नखाने घासलं तर पावडर पडते आणि सोल्डर धरत नाही. तिथून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. कधी चार बोटं, कधी वीतभर जातं. तेवढा तुकडा नवा टाकावाच लागतो, पॉलिश पेपरने घासून उपयोग नाही.

असं होण्याचं कारण बहुतेक वेळा काळी टेप. तिचा गोंद उन्हात पातळ होतो, पावसात सुटतो, आणि गुंडाळी पाणी आत धरून ठेवते. उघडा जोड निदान वाळतो तरी. दुसरा दोषी म्हणजे वायर न सोलता वर चिमटवतात तो निळा-लाल टॅप कनेक्टर. त्याचं पातं तारांत शिरतं आणि पाण्यालाही वाट करून देतं. घरातल्या पंख्याला तो ठीक, किनाऱ्यावरच्या गाडीला नाही.

जोड असा करा: दोन्ही टोकं सोला, तांब्याच्या नळीत समोरासमोर घाला, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा, जोरात ओढून बघा, मग वर गोंदवाली हीट श्रिंक चढवून तापवा. नळीच्या दोन्ही तोंडांतून गोंदाची बारीक कडा बाहेर आली म्हणजे जोड बंद झाला. नुसतं सोल्डर करू नका. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठर होते, आणि सिंगल सिलिंडरच्या थरथरीने नेमकी त्याच रेषेवर तुटते.

वायर बदलताच आहात तर टिन केलेल्या तांब्याची घ्या. कापल्यावर तिचं टोक लालसर दिसत नाही, चांदीसारखं दिसतं. बोटींच्या वायरिंगला तीच वापरतात, त्यामुळे मालवण, हर्णे किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या बाजूला बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा. महाग पडते, पण तुम्हाला लागणार जेमतेम सहा मीटर.

रिलेचे पाय, फ्यूजची पाती आणि बॅटरीची टोकं यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. नाही मिळालं तर व्हॅसलीन. लेग गार्डवर क्लॅम्प आवळण्याआधी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर क्रोम खरवडतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये स्टीलचा बोल्ट कोरडा घालू नका. खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम पांढरं होऊन फुगतं आणि दोन वर्षांनी बोल्ट निघत नाही, मुरगळून तुटतो. ग्रीस आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), इतकं पुरे. दाभोळ–धोपावे किंवा वेसवी–बागमांडले जेटीने (फेरीबोटीने) गाडी नेलीत तर घरी पोचल्यावर गोड्या पाण्याने दिवे आणि ब्रॅकेट धुवा. नळीने धुवा, प्रेशर वॉशरने नाही.

प्रश्न: आंबा घाटात पावसाळ्यात धुकं इतकं असतं की समोर काही दिसत नाही. पिवळे दिवे धुकं कापतात म्हणतात, खरं का? (साखरपा)

रंग धुकं कापत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि पांढरा जवळजवळ सारखाच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग नसल्याने डोळ्याला चमक कमी बोचते आणि ओला रस्ता थोडा उठून दिसतो, इतकाच फायदा. तो हवा असेल तर ३००० केल्विनचा (पिवळसर उजेडाचा) दिवा घ्या. पांढऱ्या दिव्यावर पिवळी टोपी चढवली तर उजेडच कमी होतो.

खरं काम करते ती उंची आणि किरणांचा आकार. हेडलाइट तुमच्या नजरेच्या जवळ असतो, त्यामुळे धुक्यावरून परतलेला उजेड सरळ डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवे लेग गार्डवर खाली, चाकाच्या आसाच्या जवळपास लावा. रुंद पसरणारे आणि वरची कडा धारदार कापलेली असलेले निवडा. धुक्यात अप्पर बंद. लांब फेकीचा गोल फोकस धुक्यात निरुपयोगी आहे, तो मोकळ्या हायवेसाठी. खाली लावलेल्या दिव्यांवर तांबड्या मातीचा चिखल मात्र लगेच बसतो, तेव्हा खिशात एक फडकं असू द्या.

प्रश्न: समोरून येणारे लोक सारखे डिपर मारतात. पोलिसांनीही अडवलं. दिवे बेकायदा आहेत का? (दापोली)

डिपर मारणारे बरोबर आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ प्रमाणे गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची, पूर्वपरवानगी लागते, तीही अपवादात्मक परिस्थितीत. त्यामुळे लांब फेकीचे फोकस लावून सार्वजनिक रस्त्यावर फिरणं ही तुमची जोखीम आहे, दुकानदार काही सांगो. गाडीच्या पुढच्या दिव्यांबद्दल नियम १०६ असा: किरण कायमचे खाली झुकलेले हवेत, इतके की ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेला माणूस दिपणार नाही.

हे घरी तपासता येतं. सपाट जागेवर भिंतीपासून ८ मीटरवर गाडी सरळ उभी करा, स्टँडवर नाही, वर माणूस बसवून. दिव्याची जमिनीपासूनची उंची मोजा, समजा ६० सेंटिमीटर. भिंतीवर तेवढ्या उंचीला खडूची रेघ मारा. उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या १६ सेंटिमीटर खाली यायला हवी. मग तो किरण साधारण ३० मीटरवर रस्त्याला टेकतो. डावा दिवा किंचित डावीकडे वळवा, उजवा सरळ ठेवा, उजवीकडे कधीच नाही. मागे कोणी बसणार असेल तर त्यालाही बसवून पुन्हा बघा: मागचं शॉकॉब दबतं, गाडीचं तोंड वर होतं आणि दिवेही.

प्रश्न: दिव्याच्या काचेत आतून दव धरतं. उघडून सिलिकॉन लावू का? (वेंगुर्ला)

तापलेल्या दिव्यावर गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि फटीतून ओल ओढून घेते. दिव्याच्या मागे हवेचं बारीक छिद्र असतं, ते चिखलाने बुजलंय का बघा. दिवा अर्धा तास चालवून दव उडालं तर उघडू नका. पाणी साचत असेल तर वाळवून सील करा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल सर्किट खातं. न्यूट्रल क्युअर मागा. हवेचं छिद्र बुजवू नका.

प्रश्न: दिवे लावल्यापासून चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी संपते. स्विच तर बंदच असतो. (लांजा)

८६ ची वायर सरळ बॅटरीवरून घेतली असेल आणि स्विचमध्ये ओल शिरली असेल, तर रिले अधूनमधून ओढत राहतो. चावी काढा, निगेटिव्ह सोडवा, मीटर १० अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह आणि बॅटरीच्या मधे धरा. काही दिसलं नाही तरच मिलिअँपिअरवर या, आणि मीटर जोडलेला असताना चावी लावू नका, मीटरचाच फ्यूज जाईल. ०.१५ अँपिअरच्या, म्हणजे दीडशे मिलिअँपिअरच्या, आसपास आकडा आला तर तो रिलेच्या कॉइलचा. रिले उपटून तो उतरला की ८६ ची वायर चावीवरच्या लाइनवर हलवा आणि स्विच बदला.